हरत्या संघाचा हंगाम

हरलेल्या माणसाला धीर देणे हा आपल्या समाजाचा आवडता उद्योग आहे. परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी असो, दुकानात खोट आलेला व्यापारी असो की निवडणुकीत पडलेला उमेदवार असो, ‘पुढच्या वेळी पाहा’ असे त्यास सांगून आपण मोकळे होतो. परंतु पुढच्या वेळी नेमके काय पाहावयाचे, कोणत्या कारणाने पुढची वेळ मागच्या वेळेहून निराळी होणार, हे सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. या महिन्यात या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, त्याला एका पत्राचे निमित्त झाले.

पत्र बरकतपुऱ्यातील एका गृहस्थांचे आहे. त्यांचे चिरंजीव पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात खेळतात. संघाने यंदाच्या साखळी स्पर्धेतील पहिले तीनही सामने गमावले आहेत आणि चार सामने अद्याप उरले आहेत. मुलगा पहाटे साडेपाचला सरावासाठी घराबाहेर पडतो, दुपारी वर्गात पेंगतो आणि ‘आता संघ सोड’ असे कोणी म्हटले की जेवता जेवता ताटावरून उठतो. त्याच्या मातोश्रींचे म्हणणे असे की, पोरे जिंकत असती तर एक वेळ समजले असते. वडिलांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले आहेत. असा संघ हंगामाच्या मध्यावर सावरू शकतो काय? आणि सावरणार नसेल, तर आमच्या मुलाने त्यात आपली सकाळ का घालवावी?

कोणी म्हणेल, हा क्रीडापानाचा विषय. शाळामास्तराने त्यात कशास पडावे? परंतु सहामाहीत तीन विषयांत मागे पडलेला मुलगा वार्षिक परीक्षेपर्यंत सावरेल काय, हा प्रश्न आम्हांस दरवर्षी अनेक पालक विचारतात, आणि दोन्ही प्रश्नांचा विचार करण्याची रीत एकच आहे. शिवाय हैदराबादकरांना या प्रश्नाचे उत्तर परक्या गावाहून मागविण्याची गरज नाही. ते याच शहरातील एका शाळामास्तराने करून दाखविले आहे.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. तरुणपणी ते स्वतः खेळले आणि उपजीविकेसाठी त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये, पुढे दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कुलातही त्यांनी शिकविले. ज्या काचीगुड्यात आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथल्याच एका शाळेत हा माणूस फळ्यापुढे उभा राहत होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. त्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावरून रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबादेत आणला. मुंबईकरांनी स्वतःच्या अंगणात पाहुण्यांचे असे कौतुक क्वचितच केले असेल. पुढे हेच रहीमसाहेब भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला आणि विस्मृतीत गेलेले हे नाव नव्या पिढीच्या कानी पडले. मात्र चित्रपटात नाट्य असते आणि नाट्यात रीत हरवते. आम्हांस येथे त्यांच्या रीतीविषयी बोलावयाचे आहे.

१९६२ सालच्या ऑगस्टअखेरीस आशियाई क्रीडास्पर्धेसाठी भारताचा संघ जाकार्ता येथे उतरला. कर्णधार चुनी गोस्वामी होता. संघात आपल्या शहराचे तुलसीदास बलराम, पीटर थंगराज आणि युसूफ खान होते. गोव्यात जन्मलेला आणि मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा फॉर्चुनातो फ्रँको होता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि भारत ०-२ असा हरला. ज्यांना पुढचा इतिहास ठाऊक आहे त्यांना या पराभवाचे काही वाटत नाही. परंतु त्या रात्री पुढचे कोणाला काय ठाऊक असणार? सुदैवाने गटातील पहिले दोन संघ पुढे जाणार होते, म्हणजे दुसरी संधी नियमातच ठेवलेली होती. सावरण्याचा विचार करताना ही साधी गोष्ट आधी पाहिली पाहिजे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिला पराभव हाच शेवटचा असतो. साखळीत तसे नसते; तेथे हरलेल्याला सुधारण्यास वेळ मिळतो.

दुसऱ्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असे हरविले. परंतु त्याच सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्यास मोठी जखम झाली व टाके घालावे लागले. तिसऱ्या सामन्यात त्याच्याविना भारताने जपानला २-० असे नमविले. आता उपान्त्य सामना आला. जर्नेलसिंगला बचावात उभे करावे तर उंच आलेले चेंडू सतत डोक्याने परतवावे लागणार. त्या जखमेवर ते कसे झेपावे? त्यास बाहेर बसवावे तर हुकमी खेळाडू वाया जाणार. रहीमसाहेबांनी तिसराच मार्ग काढला. महाविद्यालयात असताना जर्नेलसिंग आघाडीवर खेळत असे, हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्डच्या जागी नेऊन उभे केले आणि बचावाची मधली जागा अरुण घोषकडे सोपविली. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात भारत ३-२ असा जिंकला. दोन गोल चुनी गोस्वामीचे आणि एक, टाके घातलेल्या कपाळाने खेळणाऱ्या जर्नेलसिंगचा.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच दक्षिण कोरियाचा संघ होता. ४ सप्टेंबर १९६२ चा तो दिवस. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि त्यांच्यात भारताचा कैवारी शोधून सापडला नसता. यजमानांनी इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, आणि त्यामुळे खवळलेल्या जमावाने भारतीय वकिलातीवर चाल केली होती. अशा वातावरणात रहीमसाहेबांनी आणखी एक बदल केला. गोलात प्रद्युत बर्मनच्या जागी आजारातून उठलेला उंचापुरा थंगराज उभा राहिला. पूर्वार्धातच प्रदीपकुमार बॅनर्जी आणि पाठोपाठ जर्नेलसिंग यांनी गोल केले. सामना संपता संपता कोरियाने एक गोल फेडला, परंतु तेवढ्यावरच त्यांना थांबावे लागले. ज्या संघाकडून स्पर्धेच्या आरंभी दोन गोलांनी हार खाल्ली, त्याच संघाला भारताने २-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. मधे गेले होते जेमतेम आठ-दहा दिवस.

वाचकांपैकी उत्साही मंडळी येथेच टाळी वाजवितील आणि म्हणतील, पाहा, निर्धार असला म्हणजे आठ दिवसांतही पारडे फिरते! आमचा अनुभव असा की, ही गोष्ट इतकीच सांगून सोडून देणे मुलांच्या दृष्टीने घातक असते. कारण त्यातून मुलगा असे शिकतो की आदल्या रात्री एक जोरदार भाषण ऐकले की काम भागते. रहीमसाहेबांनीही आदल्या रात्री खेळाडूंना जवळ बसवून सुवर्णपदकाची भेट मागितली होती, अशी त्या खेळाडूंचीच आठवण आहे, आणि त्या मागण्याचा परिणाम झाला नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या माणसाने मागितले त्याच्या मागे बारा वर्षांचे काम उभे होते, म्हणून ते मागणे खेळाडूंच्या काळजाला भिडले.

ते काम कसले होते, हे पाहण्यासाठी दहा वर्षे मागे गेले पाहिजे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच रहीमसाहेबांच्या संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरविले होते. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत; तिकडच्या थंडीत आणि ओल्या हिरवळीवर बूट घातलेल्या धिप्पाड खेळाडूंपुढे त्यांची जी गत झाली, ती त्या आकड्यावरूनच कळते. दहा गोल खाल्लेला संघ आठ दिवसांत सावरत नसतो. तेथे बूट घालून खेळण्याची सवय लावण्यापासून आरंभ करावा लागला. पुढे फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचेच केले. रहीमसाहेब हैदराबादेत आपल्या खेळाडूंसाठी असे सामने भरवीत की ज्यात प्रत्येकाने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारावयाचा. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्याने, डावऱ्याने उजव्याने. काही सामन्यांत चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास बंदी असे. आला की लगेच साथीदाराला द्यावयाचा. पोरांना खेळ वाटावा आणि उणीव मात्र भरून निघावी, ही युक्ती कोणाही चांगल्या शिक्षकास ओळखीची वाटेल. पाढे चुकणाऱ्या मुलाला आपण दुकान-दुकान खेळावयास लावतो, त्याच जातीची ती आहे.

या कामाचे फळ चार वर्षांनी दिसले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात ओळीने तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा आणि खेळाने मुंबईचा. उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला आणि भारत ४-१ असा हरला. पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने ३-० अशी मात केली. पदक हुकले, चौथा क्रमांक मिळाला. आम्हांस मात्र येथे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेसे वाटतात. १९५२ मध्ये १०-१, १९५६ मध्ये ४-१. दोन्ही पराभवच. निकालाच्या वहीत दोन्हींपुढे एकच अक्षर पडेल. तरीही या दोन पराभवांमधले अंतर ज्याला दिसत नाही, त्याने संघ सावरला की नाही याचा निवाडा करू नये.

म्हणजे सावरण्याची दोन घड्याळे आहेत. एक दिवसांनी चालते आणि दुसरे वर्षांनी. कोणाला कोठे उभे करावे, कोणता डाव टाळावा, गोलात कोण असावे, हे पहिल्या घड्याळाचे काम. जाकार्त्यात ते आठ-दहा दिवसांत झाले. दम, पायाची सवय, एकमेकांच्या चालीची ओळख, हे दुसऱ्याचे; त्याला हेलसिंकीपासून मेलबर्नपर्यंत चार वर्षे लागली. पहिल्या घड्याळाचा चमत्कार दुसऱ्याच्या जिवावर होतो. जर्नेलसिंगला आघाडीवर नेता आले, कारण त्या जागेचा खेळ त्याच्या पायांत अगोदरपासून मुरलेला होता.

याच्या जोडीला आणखी एक बाब आहे, जी मैदानावर दिसत नाही. बलराम हा सिकंदराबादकडील अम्मुगुड्याच्या गरीब घरातला मुलगा. त्याचा खेळ रहीमसाहेबांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला हैदराबादेस सरावाला बोलाविले. पण रोज एवढ्या अंतरावर येण्यास त्याच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाहेब स्वतः देत असत. एका शिक्षकाच्या पगारातून जाणारी ती रक्कम फार मोठी नव्हती. पण ती दिली गेली नसती तर १९५६ व १९६० ही दोन ऑलिंपिके आणि जाकार्त्याचे सुवर्णपदक यांत बलरामचे नाव आले नसते.

ही बाब किती निर्णायक असते, याचा दाखला हैदराबादनेच अगदी अलीकडे पुन्हा पाहिला. २०१९ साली इंडियन सुपर लीगमध्ये हैदराबाद एफ.सी. नावाचा नवा संघ उतरला. गच्चीबावलीच्या मैदानावर त्याचे घर. पहिल्या हंगामात १८ सामन्यांपैकी फक्त २ जिंकून आणि १० गुण मिळवून तो दहा संघांत शेवटचा आला. पुढल्या वर्षी स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी आकाश मिश्रा, आशिष राय, लिस्टन कुलासो यांसारख्या कोवळ्या भारतीय मुलांवर भरवसा ठेवला. त्या हंगामात संघाने २० सामन्यांत ६ विजय आणि ११ बरोबऱ्या अशी कमाई करून पाचवा क्रमांक घेतला. अकरा बरोबऱ्या म्हणजे काय? पूर्वी जे सामने हातचे जात ते आता जाईनासे झाले. सावरणाऱ्या संघाची खूण बहुधा अशीच असते. तो जिंकावयास शिकण्याआधी न हरावयास शिकतो. त्यापुढच्या वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, गोव्यात फातोर्डा येथे केरळच्या संघाविरुद्ध अंतिम सामना १-१ असा सुटल्यावर पेनल्टींवर हैदराबाद विजेते ठरले. त्या पेनल्टींपैकी तीन अडविणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी गोव्याचाच. तळापासून शिखरापर्यंत दोन वर्षे लागली.

परंतु कथा येथे संपत नाही. २०२२-२३ मध्ये दुसरा आलेला हा संघ २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत केवळ एक विजय आणि ८ गुण घेऊन पुन्हा तळाशी गेला. खेळाडू खेळ विसरले होते काय? तसे नव्हे. त्यांचे पगार थकले होते. नवे खेळाडू घेण्यास बंदी आली होती. जुने एकामागून एक निघून गेले आणि उरलेल्या पोरसवद्या खेळाडूंना पूर्ण ताकदीच्या संघांपुढे उभे राहावे लागले. त्यापुढील हंगामात तेरा संघांत बारावा क्रमांक आला, आणि २०२५ साली तो संघ हैदराबाद सोडून दिल्लीस गेला, नावही बदलले. ज्या शहरात एक शिक्षक आपल्या खिशातून सायकलचे भाडे देत होता, त्या शहराचा विजेता संघ थकलेल्या पगारापायी बुडावा, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या मराठी मुलखात आहे. कोल्हापुरास ज्यांचे जाणेयेणे असेल त्यांना तेथले फुटबॉलवेड सांगावयास नको. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, असे तेथले संघ. नावांवरूनच कळेल की कुस्तीच्या तालमींच्या आश्रयाने हा परकीय खेळ गावात रुजला. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ लोटते. आणि त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. तेथे तालमीचा संघ एखाद्या वर्षी खालावला म्हणून तो कोणी मोडीत काढीत नाही, आणि तो उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. कारण तो पेठेचा असतो. पोरगा हरून आला तरी ज्या गल्लीत त्याला यावयाचे, त्या गल्लीतील वडीलधारे त्याला चार शब्द सुनावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला पिटाळतात. सावरण्यास लागणारा काळ संघाला मिळतो तो अशा आधारामुळे.

आता बरकतपुऱ्याच्या पत्राकडे येतो. हा संघ सावरेल काय, याचे भविष्य आम्ही सांगू शकत नाही. परंतु ते कशावरून ओळखावे हे सांगू शकतो. पित्याने मुलापाशी चार गोष्टींची चौकशी करावी. चौकशी रागाने नव्हे, जेवण झाल्यावर, निवांतपणे.

पहिली, तिसऱ्या पराभवानंतर सरावाला किती मुले येतात? पूर्वी बावीस येत असतील आणि आता अकराच येत असतील, तर दुखणे खोल आहे. सरावासाठी दोन संघ लागतात. राखीव मुलगा घरी बसला की मुख्य खेळाडूचा प्रतिस्पर्धी नाहीसा होतो. दुसरी, गोल कसे झाले हे कोणी नोंदविले आहे काय? सारे गोल शेवटच्या वीस मिनिटांत झाले असतील तर पोरांचा दम कमी पडतो. कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूंवर झाले असतील तर उभे राहण्याच्या जागा चुकतात. पहिल्या दहा मिनिटांतच झाले असतील तर मनात धास्ती आहे. यांपैकी दम तीन आठवड्यांत वाढत नाही. त्याला पुढच्या जूनपासून लागावे लागेल. जागा मात्र तीन-चार सकाळींत सुधारतात. धास्ती कमी होण्यास एक बरोबरी पुरते. तिसरी, पराभवानंतर संघात काही बदल झाला काय? तीच अकरा मुले, त्याच जागा, तोच डाव घेऊन चौथ्या सामन्यास जाणारा संघ दैवावर हवाला ठेवून जातो. चौथी, महाविद्यालय पोरांसाठी काय करते? चेंडू, बूट, बसभाडे, सरावाला जागा आणि बुडालेल्या तासिकांची सोय, यांचे कोणी पाहते की नाही?

या चारांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे बरी आली, तर उरलेले चार सामने मागच्या तिघांसारखे होणार नाहीत, असे आम्ही खात्रीने म्हणतो. कदाचित दोन जिंकतील, एक बरोबरीत सुटेल. पहिला क्रमांक येणार नाही. परंतु पाच गोलांऐवजी एका गोलाने हरणे हेही सावरणेच आहे, आणि मेलबर्नचा ४-१ हा आकडा आठवला म्हणजे ते कमीपणाचे वाटणार नाही. उत्तरे वाईट आली, तर या हंगामात संघ सावरणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवू नये.

मग मुलाने संघ सोडावा काय? दोन्ही परिस्थितींत हंगाम संपेपर्यंत सोडू नये, असे आमचे मत आहे. मातोश्री म्हणतात की जिंकत असती तर समजले असते. आम्ही त्यांना आदरपूर्वक विचारतो, वहिनी, जिंकणाऱ्या संघातून एक मुलगा गेला तर त्याची जागा घेण्यास दहा जण पुढे येतात. हरणाऱ्यातून गेला तर कोण येईल? ज्यांच्याबरोबर त्याने तीन पराभव सोसले, त्यांना चौथ्याच्या तोंडावर टाकून येण्याची सवय त्याला लागावी, असे त्यांच्या मनात खचितच नसेल. वर्गात पेंगण्याचा प्रश्न मात्र खरा आहे व त्यात मातोश्रींचीच बाजू बरोबर आहे. पहाटे साडेपाचला निघणाऱ्याने रात्री साडेनऊला दिवा मालवला पाहिजे आणि मोबाइल वडिलांच्या उशाशी ठेवला पाहिजे. हंगाम संपला की पुन्हा विचार करावा, आणि तो विचार मुलाने करावा.

राहिला आपला, म्हणजे या शहरातील मराठी मंडळींचा प्रश्न. रहीमसाहेब जाकार्त्याहून परतल्यावर वर्षभरही जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास आजवर पुन्हा मिळालेले नाही. कारणे अनेक आहेत. पण शहरापुरते एक कारण आमच्या रोज डोळ्यांपुढे असते. जेथे पोरे खेळत त्या मोकळ्या जागा बांधकामांनी भरल्या, आणि ज्या शाळांना अद्याप मैदान आहे त्या शाळांची फाटके साडेचारला बंद होतात. आत मैदान रिकामे आणि बाहेर गल्लीत पोरे मोटारींच्या मधून चेंडू मारताहेत, हे दृश्य अनेक मोहल्ल्यांत दिसते.

आपल्या समाजाने या शहरात शिक्षणसंस्था उभारल्या. विवेक वर्धिनीसारखी संस्था १९०७ पासून मुले शिकवीत आली आहे. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, नाट्यप्रयोग यांसाठी आपण वर्गणी गोळा करतो व ते योग्यच आहे. त्याच वर्गणीतून जवळच्या एखाद्या शाळेचे मैदान संध्याकाळी दोन तास उघडे राहावे, यासाठी एका राखणदाराचा पगार निघू शकतो. दोन चेंडू आणि बुटांचे काही जोड निघू शकतात. वसाहतीतील निवृत्त मंडळींपैकी कोणी तेथे खुर्ची टाकून बसला, तर फाटक उघडे ठेवण्यास मुख्याध्यापकही कचरणार नाहीत, हे आम्ही आमच्या पेशाबंधूंच्या वतीने सांगतो. येत्या पाडव्याला मंडळांच्या वार्षिक सभा भरतील. कार्यक्रमपत्रिकेवर हा एक विषय घालावा, एवढी आमची सूचना आहे.